मोटारीचा भार आणि मोटारीचा वेग

श्रोतेहो, नवी मोटार दारात उभी राहिली म्हणजे शेजारीपाजारी दोन प्रश्न हटकून विचारतात. किंमत किती पडली, हा पहिला. आणि इंजिन किती अश्वशक्तीचे, हा दुसरा. तिचे वजन किती, असे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. गाडी भरणारा शेतकरी याहून शहाणा म्हटला पाहिजे. माल किती भरावा आणि तो गाडीत कोठे रचावा, याचा विचार तो बैल जुंपण्यापूर्वीच करतो. आज दोन फ्रेंच मोटारींची तुलना करून त्या शेतकऱ्याचे शहाणपण मोटारीसही कसे लागू पडते, हे सांगण्याचा माझा उद्देश आहे.

पहिली मोटार म्हणजे १९८४ साली निघालेली प्यूजो २०५ जीटीआय, आणि दुसरी २०१७ साली जिनीव्हाच्या प्रदर्शनात प्रथम दाखविलेली आल्पाइन ए११०. या दोन्ही मोटारी आपल्या देशात रीतसर विक्रीस कधी आल्या नाहीत. मग त्यांची उठाठेव आपण का करावी, असे कोणी विचारील. त्याला कारण घाटाचे आहे. आमच्या बीड जिल्ह्यात मांजरसुंबा हे बालाघाटाच्या पठारावरील चौफुल्याचे गाव आहे. धुळे-सोलापूर महामार्ग, पाटोद्याकडून येणारा रस्ता आणि केजकडे जाणारा रस्ता तेथे एकत्र येतात. आणि तेथून बीडला जावयाचे म्हणजे घाट उतरावा लागतो. मोटारीचा भार म्हणजे काय, हे सरळ सपाट रस्त्यावर कळत नाही. ते घाटात कळते. आणि या दोन्ही मोटारींची कीर्ती वळणावळणाच्या रस्त्यांवरच झालेली आहे.

प्रथम नावांचा उलगडा करू. जिच्या पाठीमागे सामानाची निराळी पेटी नसून मागील काचेसह दारच वर उचलले जाते, अशा आखूड मोटारीस हॅचबॅक म्हणतात. अशाच घरगुती मोटारीत जोरकस इंजिन बसविले आणि तिचे स्प्रिंग व ब्रेक त्या मानाने सुधारले, की तिला इंग्रज लोक 'हॉट हॅच' म्हणतात; आपण तिला तिखट हॅचबॅक म्हणू. १९७६ साली विक्रीस आलेल्या जर्मनीच्या फोक्सवागेन गोल्फ जीटीआयने या प्रकारास लोकप्रियता मिळवून दिली. 'कूपे' हा शब्द मात्र घोडागाडीच्या काळातला आहे. त्याचा फ्रेंच अर्थ 'छाटलेली' असा असून, मोठ्या बग्गीतील बैठकीचा एक भाग छाटून केलेल्या दोघांपुरत्या गाडीस ते नाव पडले, व पुढे ते दोन दारांच्या ठेंगण्या मोटारीस चिकटले.

आता पहिल्या मोटारीकडे वळू. प्यूजो २०५ ही १९८३ साली निघालेली साधी मध्यमवर्गी मोटार होती. तिचीच तिखट आवृत्ती ती जीटीआय. आरंभी तिचे इंजिन १.६ लिटरचे व १०५ अश्वशक्तीचे होते. वजन सुमारे ८५० किलो. १९८६ च्या अखेरीस १.९ लिटरचे, १३० अश्वशक्तीचे इंजिन आले, तेव्हा वजन सुमारे ९०० किलोपर्यंत गेले. ही मोटार पुढील चाकांनी ओढली जाई. मूळ गाडीत स्टिअरिंग वळविण्यास यंत्राची मदत नव्हती, की अपघातात फुगणारी एअरबॅग नव्हती. चार माणसे आणि त्यांचे सामान मात्र तीत नीट मावे. सोमवारी मुलांना शाळेत पोचवावे आणि रविवारी डोंगरात फिरून यावे, अशी दोन्ही कामे एकाच मोटारीने, तीही सामान्य नोकरदाराच्या ऐपतीत, ती करून देई. हा तिचा मोठा गुण होय.

या २०५ चे एक भावंड आपल्या महाराष्ट्रातही जन्मास आले होते, हे पुष्कळांच्या विस्मरणात गेले आहे. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने प्यूजोशी भागीदारी करून, १९९० नंतरच्या दशकात कल्याण येथे प्यूजो ३०९ ही मोटार बांधली. हिची दारे व अंगाचा बराच भाग २०५ वरूनच घेतलेला होता. तीत जीटीआयचे तिखट इंजिन नव्हते, १.४ लिटरचे पेट्रोलचे व १.५ लिटरचे डिझेलचे अशी शांत प्रकृतीची इंजिने होती. हा उद्योग थोड्याच वर्षांत बंद पडला. परंतु त्याच घराण्याचे डिझेल इंजिन पुढे मारुतीच्या झेन व एस्टीम या मोटारींत आपल्या रस्त्यांवर धावले.

दुसऱ्या मोटारीचा इतिहास याहून जुना आहे. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील दिएप या गावी झाँ रेदेले या तरुण मोटार-व्यापाऱ्याने १९५५ साली आल्पाइन हा कारखाना काढला. रेनोची लहानशी मोटार घेऊन आल्प्स पर्वताच्या घाटांतील शर्यतीत त्याने यश मिळविले होते. त्या पर्वताचेच नाव त्याने आपल्या कारखान्यास दिले. १९६२ साली निघालेल्या मूळ ए११० ने १९७३ साली जागतिक रॅली-शर्यतींत निर्मात्यांचे पहिले विजेतेपद फ्रान्सला मिळवून दिले. पुढे कारखाना रेनोच्या ताब्यात गेला, १९९५ साली आल्पाइन हे नावही बाजारातून नाहीसे झाले, आणि २०१७ साली त्याच दिएप गावी त्याच नावाने नवी मोटार तयार झाली. तिचे इंजिन १.८ लिटरचे, टर्बो लावलेले, २५२ अश्वशक्तीचे. आणि वजन सुमारे १,१०० किलो.

येथे पाटीवर एक सोपे गणित मांडू. अश्वशक्तीस वजनाने भागले म्हणजे दर टनामागे किती शक्ती येते, ते कळते. १.९ लिटरच्या २०५ ला टनामागे सुमारे १४४ अश्वशक्ती मिळते. ए११० ला सुमारे २२९. जुनी मोटार थांबलेल्या स्थितीतून ताशी १०० किलोमीटरचा वेग घेण्यास सुमारे आठ सेकंद लावी; नवी साडेचार सेकंदांत तो घेते. शर्यतीच्या दृष्टीने निकाल येथेच लागला. परंतु माझ्या मते पाहण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. या दोन मोटारींमध्ये ३३ वर्षांचे अंतर पडले. शक्ती जवळजवळ दुप्पट झाली. मध्यंतरीच्या काळात मोटारीने एअरबॅगा, चाक जाम होऊ न देणारे ब्रेक, घसरण आवरणारी विजेची यंत्रणा, वातानुकूलन इतके सारे अंगावर घेतले. आणि तरी वजन वाढले ते सुमारे २०० किलोच. मघा सांगितलेली गोल्फ जीटीआय १९७६ साली सुमारे ८१० किलोची होती. तिच्या आजच्या वारसाचे वजन १,४०० किलोहून अधिक आहे. म्हणजे काळाबरोबर वजन वाढत जावे हीच सामान्य रीत असताना, दिएपच्या कारागिरांनी ती रीत मोडली.

ती त्यांनी कशी मोडली? मोटारीचा सांगाडा व अंग त्यांनी जवळजवळ सर्वस्वी अल्युमिनियमचे केले. हा धातू पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश वजनाचा. त्याचे भाग विशेष प्रकारच्या डिंकाने व रिव्हेटांनी जोडलेले आहेत. आसन एका अखंड कवचाचे केले, आणि प्रत्येक आसनाचे वजन १३.१ किलोवर आणले. मागील ब्रेकमध्येच उभ्या गाडीच्या हातब्रेकचे काम बसवून अडीच किलो वाचविले. आपल्याकडे 'थेंबे थेंबे तळे साचे' म्हणतात. येथे थेंबाथेंबाने तळे उपसले, असे म्हणावे लागेल. शिवाय एक बचत दुसरीस जन्म देते. मोटार हलकी झाली की लहान इंजिन पुरते. इंजिन लहान झाले की ब्रेक व टायर लहान चालतात. ते लहान झाले की मोटार आणखी हलकी होते.

आता भाराचा घाटाशी संबंध काय, ते पाहू. धावत्या वस्तूच्या अंगी जी ऊर्जा असते ती वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ताशी ६० ऐवजी ९० किलोमीटर वेग ठेवला तर वेग दीडपट होतो, परंतु थांबविण्याची ऊर्जा सव्वादोनपट होते. घाटात याशिवाय उंचीचीही ऊर्जा असते, आणि तिचा विचार फार थोडे लोक करतात. समजा, घाटात मोटार १०० मीटर उंची उतरली. या उताराने तिच्या अंगी जितकी ऊर्जा येते ती ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या त्याच मोटारीच्या ऊर्जेच्या सातपट भरते. हवेचा व रस्त्याचा रोध त्यातील काही वाटा उचलतो, हे खरे. पण बाकीची सर्व ऊर्जा चालकाने ब्रेकवरच जिरविली, तर ६० च्या वेगातील मोटार लागोपाठ अनेक वेळा थांबविण्याइतकी उष्णता त्या ब्रेकांत साठते. तापलेला ब्रेक नीट धरीत नाही. म्हणून उतारावर मोटार खालच्या गिअरात ठेवावी, म्हणजे इंजिनच तिला आवरून धरते. ज्या गिअरात घाट चढावा त्याच गिअरात तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम शास्त्रास धरूनच आहे.

हे सातपटीचे प्रमाण हलक्या व जड मोटारीस सारखेच. उष्णतेचे एकूण माप मात्र सारखे नाही. १,१०० किलोची मोटार जितकी उष्णता निर्माण करील, त्याच्या जवळजवळ दुप्पट उष्णता दोन टनांची उंच मोटार निर्माण करील. जड मोटारीस ब्रेकही मोठे दिलेले असतात. परंतु टायर झिजतात ते भारानेच, इंधन जळते ते भारानेच, आणि दुर्दैवाने टक्कर झालीच तर समोरच्यावर आदळतो तोही भारच.

एका बाबतीत मात्र हलकेपणा कामास येत नाही, आणि ते स्पष्ट सांगणे मी कर्तव्य समजतो. वळण घेताना मोटारीस बाहेर फेकू पाहणारी ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. ज्याची त्रिज्या ३० मीटर आहे अशा वळणावर ताशी ४० किलोमीटर वेग ठेवला, तर ही ओढ मोटारीच्या वजनाच्या शेकडा ४२ इतकी भरते. वेग ६० केला की ती शेकडा ९४ वर जाते. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरांची पकड येथवर येऊन संपत आलेली असते. झिजलेले टायर किंवा ओला रस्ता असेल तर ती पूर्वीच सुटलेली असते. मोटार हलकी असो वा जड, फ्रेंच असो वा देशी, हा हिशेब बदलत नाही. वळणावरची पाटी जो वेग सांगते, तो इंजिन पाहून ठरविलेला नसतो.

मग हलकी मोटार वळणावर अधिक आज्ञाधारक का वाटते? याचे उत्तर भार किती यापेक्षा भार कोठे, यात अधिक आहे. खांद्यावर कावड घेऊन चालणारा मनुष्य पाहा. दोन टोकांना दोन घागरी असताना त्याला चटकन वळता येत नाही. आणि एकदा वळू लागला की चटकन थांबताही येत नाही. त्याच घागरी पोटाशी धरल्या तर तो सहज वळतो. ए११० मध्ये इंजिन आसनांच्या मागे पण मागील आसाच्या पुढे, आणि पेट्रोलची टाकी पुढील बाजूस ठेवली आहे. भाराचे ४४ भाग पुढील चाकांवर व ५६ भाग मागील चाकांवर पडतात, आणि जड वस्तू मध्याजवळ राहतात. १९६२ च्या मूळ मोटारीत इंजिन मागील आसाच्याही मागे होते. ती गाडी शेतकऱ्याच्या भाषेत उलाळ होती. नव्यांनी वडिलांचे नाव राखले, पण वडिलांची ही रचना उचलली नाही.

२०५ ची गोष्ट उलट होती. इंजिन, गिअर आणि ओढणारी चाके सर्व पुढे. मागची बाजू हलकी. अनुभवी चालकास यातच गंमत वाटे. पण नवशिका चालक वळणात वेगाने शिरे, मध्येच घाबरे आणि पेट्रोलवरचा पाय एकदम उचली. पाय उचलला की भार पुढे झुके, मागील टायरांवरचे वजन कमी होई, आणि मोटारीची शेपटी बाहेर फिरे. या खोडीबद्दल ती मोटार आजही प्रसिद्ध आहे. भीतीने केलेली स्वाभाविक कृतीच घातास कारण व्हावी, हा यंत्राचा दोषच म्हटला पाहिजे. नवी मोटार अशा वेळी चालकास सावरते. काही तिच्या रचनेमुळे, काही विजेच्या यंत्रणेमुळे.

येथे माझ्या विषयाचा गाभा येतो. दोन्ही मोटारी हलक्या खऱ्या. पण त्यांचे हलकेपण एका जातीचे नाही. जुन्या मोटारीचे हलकेपण बऱ्याच अंशी अभावाचे आहे: पत्रा पातळ, दारांत आधाराचे दांडे थोडे, एअरबॅगा मुळीच नाहीत. नव्या मोटारीचे हलकेपण विचाराचे आहे: संरक्षण ठेवून बाकीचा भार वेचून वेचून काढलेला. उपाशी मनुष्य हलका असतो आणि तालमीतला मल्लही चपळ असतो. परंतु दोघांची गणना एकात करता येत नाही.

हा भेद केवळ परदेशच्या मोटारींपुरता आहे, असे समजू नये. आपल्याकडे २००१ साली फियाटने कुर्ल्याच्या कारखान्यातून पॅलिओ बाजारात आणली, तिची १.६ लिटरची, सुमारे १०० अश्वशक्तीची आवृत्ती म्हणजे आपली तिखट हॅचबॅकच होती. पुढे चाकणला फोक्सवागेनची पोलो होऊ लागली. तिची २०१३ सालची टर्बो आवृत्ती १०५ अश्वशक्तीची, आणि वजनाने सुमारे १,१०० किलोची, म्हणजे ए११० च्याच तोलाची होती. पोलोचे उत्पादन २०२२ साली येथे थांबले. परंतु हिच्याच संबंधाने २०१४ साली एक बोधप्रद परीक्षा झाली. ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान मोटारी अडथळ्यावर आदळवून पाहिल्या. एअरबॅगा नसलेल्या पोलोसह पाचही मोटारींस प्रौढ प्रवाशांच्या रक्षणाबद्दल शून्य तारे मिळाले. त्याच पोलोस दोन एअरबॅगा लावून पुन्हा आदळविले, तेव्हा चार तारे मिळाले. एअरबॅगांचे वजन ते किती! इतक्या थोड्या भाराने चालकाच्या जिवाचे पारडे फिरले. म्हणजे भार कमी करावयाचा तो कोठला, हे ज्याला कळले त्यालाच हलकेपणाचे मर्म कळले.

जुन्या तिखट मोटारींचा शौक हल्ली आपल्या शहरांतील तरुणांत बराच दिसतो. पालकांनी त्या शौकाची हेटाळणी करू नये. यंत्रावर प्रेम करणारा मुलगा यंत्राचे नियमही लवकर शिकतो. मात्र जुनी मोटार घ्यावयाची झाली तर इंजिनाचा आवाज ऐकण्यापूर्वी टायरांची तारीख पाहावी, ब्रेक उघडून पाहावेत, पट्टे मागच्या आसनालाही आहेत की नाहीत ते पाहावे, आणि एअरबॅगा आहेत काय असे स्पष्ट विचारावे. चालकाची एअरबॅग आपल्याकडे २०१९ च्या जुलैपासून सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या पुष्कळ मोटारींत ती नाही. इंजिनाची शक्ती वाढवून देणारे कारागीर गल्लोगल्ली मिळतात; परंतु शक्ती वाढविली व ब्रेक तसेच ठेवले, तर ती मोटार सुधारली असे कोणी म्हणू नये.

आता तुलनेचा निकाल. वेगात, रक्षणात व कारागिरीत ए११० श्रेष्ठ, याबद्दल वाद नाही. पण तीत दोनच माणसे बसतात, सामानास जागा बेताची, आणि किंमत श्रीमंताची. २०५ चार माणसांची होती आणि सामान्य माणसाची होती. ताशी ५०-६० च्या वेगातही हाताखाली रस्ता जाणवून देण्याचा आनंद ती देत असे. म्हणून नव्या मोटारीचा विचार आणि जुन्या मोटारीची ऐपत ही दोन्ही एकत्र यावीत, असे मला वाटते. कारखानदारांचा ओढा मात्र अजून दुसरीकडे दिसतो. प्रत्यक्ष आल्पाइननेच २०२४ साली विजेवर चालणारी ए२९० ही तिखट हॅचबॅक काढली. तिचे वजन सुमारे १,४८० किलो आहे. विजेऱ्यांचा भार तूर्त टाळता येत नाही, हे खरे. पण लोहारकामापासून सुरू झालेला हा हलकेपणाचा अभ्यास आता विजेऱ्यांपर्यंत नेला पाहिजे, आणि ग्राहकांनी मागणी केल्याखेरीज तो कोणी मनावर घेणार नाही.

तेव्हा श्रोतेहो, पुढल्या वेळी कोणी नवी मोटार आणली, तर अश्वशक्ती अवश्य विचारा. पण तिच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारा. हिचा भार किती? तो कोठे आहे? आणि भार कमी केला असेल तर तो काय काढून केला? या तीन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे देणारी मोटार आपल्या माणसांना घाटाखाली सुखरूप उतरवील. अर्थात तिला हाकणाऱ्याने पाटीवरचा वेग पाळला तर.